तिची रांग, माझी रांग

जपानच्या सहलीत लेकीला कॉमिकेटला जायचं होतं, मला नारा शहरातल्या जुन्या देवळात. तह असा ठरला की तिच्या रांगेत मी कुरकुरायचं नाही आणि माझ्या देवळात तिने मोबाइल पिशवीत ठेवायचा.

कॉमिकेट ही चाहत्यांनी स्वतः काढून छापलेल्या कॉमिक्सची जत्रा. १९७५ पासून तोक्योत भरते, ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरच्या अखेरीस. आम्ही थंडीतली निवडली आणि तिथेच फसलो. वर्षअखेरीला अख्खा जपान गावी निघतो, गणपतीत कोकण रेल्वेची होते तीच गत. त्या दिवसांत नोझोमी या बुलेट ट्रेनला (शिंकान्सेनला) अनारक्षित डबेच नसतात. तिकीटविक्री महिनाभर आधी तिथल्या सकाळी १० वाजता सुरू होते, म्हणून मी पुण्यात पहाटेचा गजर लावून साडेसहाला मोबाइल घेऊन बसले. जपान रेल पासचा, म्हणजे पर्यटकांना ठरावीक दिवस रेल्वेने फिरू देणाऱ्या पासचा, मोह आधीच सोडला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० वरून ५०,००० येनवर गेला, आणि आम्हाला तर क्योतोपर्यंत एकदाच जायचं होतं, परतीचं विमान ओसाकाहून.

तोक्योत आसाकुसाचं देऊळ पाहिलं, आकिहाबारा या कॉमिक्स-अ‍ॅनिमेच्या दुकानांच्या भागात लेकीने पैसे उधळले. उएनोचं राष्ट्रीय संग्रहालय वर्षअखेरीस बंद असतं, हे मी दारावरची पाटी पाहून शिकले. चूक माझीच. तारखा घरबसल्या बघता आल्या असत्या.

कॉमिकेटला प्रवेशाचा रिस्टबँड (मनगटी पट्टा) आधी घ्यावा लागतो. आम्हाला दुपारचा मिळाला. जत्रा भरते त्या आरिआकेला समुद्रावरून बोचरा वारा येत होता आणि पुढे हजारो माणसं. पंढरपूरच्या दर्शनबारीत अनोळखी माणसंही गप्पा मारतात, अभंग म्हणतात. इथे सगळे शांत. स्वयंसेवक हात वर करतो, रांगेचा तुकडा उठतो, चालतो, थांबतो. लेकीने कॉमिकमधल्या पात्राचा पोशाख बॅगेत आणला होता, कारण वेश करून घरून यायला आणि तसंच परत जायला बंदी आहे. नोंदणी करायची, बदलायच्या खोलीत तयार व्हायचं, निघताना पुन्हा माणसात यायचं.

आत लांबच लांब टेबलं आणि प्रत्येकामागे स्वतःची पुस्तिका विकणारा माणूस. सुटे पैसे हवेतच. मोठी नोट पुढे केली की समोरचा ओशाळतो. खाण्याचं म्हणाल तर साध्या दिसणाऱ्या रश्शातही बहुधा माशाचा अर्क असतो, त्यामुळे माझा दिवस दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीवर निघाला.

बंद व्हायची घोषणा झाली आणि सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला, विकणारे आणि घेणारेही. मी कोणासाठी म्हणून विचारलं. लेक म्हणाली, "आई, इथे गिऱ्हाईक कोणीच नसतं. सगळे सहभागी असतात."

२ जानेवारीला नारा. तोदाईजी या माझ्या देवळात नववर्षाच्या दर्शनाची गर्दी होती, आता रांग माझी. बसलेला दाईबुत्सू, म्हणजे बुद्धाची भव्य मूर्ती, सुमारे १५ मीटर उंच आहे. ७५२ मध्ये त्याचे डोळे उघडण्याचा विधी केला तो आपल्याकडून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूने. तो ७३६ मध्ये जपानात पोहोचला होता. त्याने रंगवलेले डोळे मात्र आता नाहीत. भूकंप आणि आगींत मूर्तीची मोडतोड झाली, आजचं डोकं एदो काळातलं, म्हणजे १७व्या-१९व्या शतकांदरम्यानचं आहे. मी हिरमुसले असते, पण मला खरी ओढ डोळे रंगवलेल्या कुंचल्याची होती. त्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या हातात धरल्या, म्हणजे डोळे उघडण्यात सगळ्यांचाच हात लागावा. कुंचला आणि दोरी शोसोइन या देवळाच्या जुन्या कोठारातल्या खजिन्यात अजून जपून ठेवली आहे.

हे लेकीला सांगितलं. ती मूर्तीकडे बघत म्हणाली, "म्हणजे इथेही गिऱ्हाईक कोणी नव्हतं."

मोबाइल तिच्या पिशवीतच होता. बाहेर आल्यावर हरणाने माझ्या हातातला नकाशा खाल्ला, तेव्हा मात्र तो झटकन बाहेर आला.