डेडलाइन आधी वेळेची नव्हतीच

परवा ऑफिसात दिवसभरात चार वेळा डेडलाइन हा शब्द ऐकला आणि संध्याकाळी मीच मेलमध्ये टाइप केलं, "डेडलाइन शुक्रवारची आहे", आणि तिथेच हात थांबला. यातलं हे 'डेड' आलं कुठून?

हा शब्द अमेरिकेतल्या यादवी युद्धातला आहे. १८६४ साली जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिलला दक्षिणेकडच्यांनी उत्तरेच्या कैदी सैनिकांसाठी तुरुंग केला, तुरुंग कसला, पाइनचे ओंडके उभे पुरून केलेलं कुंपण आणि आत नुसतं उघडं मैदान. सोय धरली होती १० हजार माणसांची, ऑगस्टमध्ये आत ३२ हजारांच्या वर होती. आणि या कुंपणाच्या आत साधारण १९ फुटांवर खुंट्या रोवून वर आडवी फळी ठोकलेली, इतकी साधी की कुणीही वाकून पलीकडे जाईल. तीच डेड लाइन. ओलांडली की मचाणावरचा पहारेकरी सरळ गोळी घालणार.

मला सगळ्यात लागलं ते पाण्याचं. छावणीतून एकच ओहोळ जायचा, पिणं, धुणं, घाण सगळं त्यातच. तो जिथून आत शिरायचा तिथलं पाणी त्यातल्या त्यात बरं, पण ती जागा नेमकी डेड लाइनपाशी, मग तहानलेली माणसं फळीखालून हात लांबवून भांडं भरायला बघायची आणि तेवढ्यासाठी गोळी खायची. तिथे ठेवलेल्या सुमारे ४५ हजारांपैकी जवळजवळ १३ हजार मेले, बहुतेक रोगानं आणि उपासमारीनं. तुरुंगाचा अधिकारी हेन्री वर्झ याला १० नोव्हेंबर १८६५ ला फाशी दिली.

पुढे १९२० च्या आसपास अमेरिकन वर्तमानपत्रांत बातमी द्यायची शेवटची वेळ म्हणजे डेडलाइन असं रुळलं, जमिनीवरची रेघ घड्याळात गेली.

आपल्याकडे मुदत आहे की! अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, अर्थच मुळी काळाची लांबी. म्हणून मुदत मागता येते, देता येते, वाढवूनही मिळते, सरकारी कागदावरसुद्धा 'मुदतवाढ' असतेच ना. मला हा शब्द फार जवळचा वाटायला लागलाय.

तो मेल मी खोडून परत लिहिला: "शुक्रवारपर्यंत मुदत आहे, एखादा दिवस जास्त लागणार असेल तर आधी सांगा."