जाम जेलस!

"अगं, कसले फोटो आहेत! मी जाम जेलस आहे हां!" सहलीहून आलेल्या मैत्रिणीला आपण हे तोंडावर सांगतो. तीही खूश होते. आता हेच "मला तुझा मत्सर वाटतो" असं म्हणून बघा. मैत्री संपली समजा. मत्सर पडला षड्रिपूंतला, त्याला घरात घ्यायची सोय नाही. जेलसला मात्र सगळीकडे मुक्तद्वार.

गंमत म्हणजे हा शब्द आपण शिकतो तो बहुधा दुसऱ्यांसाठी. "ती ना, माझ्यावर जेलस आहे!" हे शाळकरी वयातलं वाक्य. स्वतःला लावायचं धाडस पुष्कळ नंतर येतं, तेही हसत हसत.

खुद्द इंग्रजीत यासाठी खरं तर दोन शब्द आहेत. हातचं जाईल ही धास्ती म्हणजे जेलसी, आणि दुसऱ्याकडचं आपल्याकडे नाही ही तडफड म्हणजे एन्व्ही. आपण पहिला उचलला आणि त्यावर दुसऱ्याचंही काम भागवलं. (बोलताना इंग्रजही तेच करतात, तेव्हा आपल्याला एकट्याला बोल नको.) शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकात तर दोन्ही समोरासमोर उभे आहेत. जेलसी हा हिरव्या डोळ्यांचा राक्षस आहे, त्यापासून जप, असं हाताखालचा इयागो सेनापती ऑथेल्लोला बजावतो. त्याचा रोख नवऱ्याला बायकोबद्दल येणाऱ्या संशयाकडे. आणि हा शहाणपणा शिकवणारा इयागो स्वतः मात्र आपल्याला डावलून कॅसिओला बढती मिळाली म्हणून आतून जळतोय!

जळण्याची खरी जात अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाने पकडली आहे. असूया म्हणजे काय, तर गुणांतही दोष काढणं. ओळखीच्या कुणाच्या नव्या घराचा फोटो येतो. आपण दोन बोटांनी तो मोठा करतो. पडदे छान, उजेड छान. मग बोट सरकत सरकत कोपऱ्यात जातं आणि तिथे भिंतीचा रंग जरा भडक निघतो. हुश्श! मग आपण बदाम पाठवतो.

हे घर एखाद्या अब्जाधीशाचं असतं, तर रंगाकडे लक्षही गेलं नसतं. ॲरिस्टॉटलने म्हटलंच आहे की माणूस जळतो तो आपल्या बरोबरीच्यांवर: वयाने, नात्याने, नावलौकिकाने जवळच्यांवर. एकाच बाकावर बसलेला मित्र पुढे गेला की पोटात दुखतं. सम्राटांनी खुशाल राज्य करावं.

आणि तिथे जेलस हा शब्दही कामाला येत नाही. सहल, केस, नवी साडी एवढ्यापुरताच तो. मित्राची बढती, बहिणीच्या मुलाचे मार्क, आपल्याला सुचायला हवा होता तो लेख दुसऱ्याने लिहिलेला, यांपैकी कशालाही कुणी "जाम जेलस!" म्हणत नाही. तिथे "मनःपूर्वक अभिनंदन" असतं, पुढे तीन उद्गारचिन्हं. एकाने भागलं असतं, पण संशय नको.