नरारा नोंदवही: वेळेऐवजी पाण्याची उंची

कच्छच्या आखातातल्या नरारा या प्रवाळपट्ट्यावर दिसणारे जीव ज्यात लिहितो, त्या नोंदपत्रकात यंदा एकच मोठा बदल केला आहे: घड्याळाच्या आधी पाण्याची उंची. ‘सकाळी आठ, ऑक्टोपस’ ही नोंद पुढच्या महिन्यात कुणाच्या कामाची नाही. ‘ओहोटी ०.६ मीटर, प्रवाळाची बाहेरची कड’ ही आहे.

आखात तोंडाशी रुंद आणि आत चिंचोळं, म्हणून उधाणात भरती-ओहोटीतला फरक तोंडाशी ओख्याला सुमारे ३ मीटर, तर आत कांडल्याला ६ च्या आसपास. भरती आत उशिरा पोचते. ओख्याचं भरती-ओहोटीचं कोष्टक घेऊन गेलात तर नराराला पाणी अजून उतरतच असतं. जवळच्या वाडीनार किंवा सिक्का बंदराचं घ्या. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला आडाखाही इथे लागू पडत नाही. सर्वांत खोल ओहोटी पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी मिळते. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा) प्रवाळाची कड पुरती उघडीच पडत नाही, फेरी फुकट.

ओहोटीच्या दोन तास आधी उतरायचं आणि पाणी फिरलं की परत निघायचं. सपाट पट्ट्यावर पाणी मागच्या चरांतून आधी भरतं, समोरून येताना दिसत नाही. वन विभागाची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या हवाच. १९८२ पासून हे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. काहीही उचलायचं नाही, दगड उलटायचे नाहीत.

प्रवाळांची ओळख अजून कच्ची आहे, कारण बहुतेक फोटो लांबून काढलेले. फेव्हाइट्स या प्रवाळात शेजारच्या दोन पेल्यांची (एकेक जीव बसतो त्या खळग्यांची) भिंत एकच असते. फेव्हियासारख्यांत प्रत्येकाची वेगळी, मध्ये खाच. फेव्हिया म्हणून नोंदवलेले इथले बरेच प्रवाळ आता डिप्सॅस्ट्रिया या प्रजातीत गेले आहेत, जुन्या याद्या जुळवताना हे ध्यानात ठेवा. फुलासारखा उघडलेला गोनिओपोरा दिसला तर शुंडके मोजा: २४. बाराच असतील तर अल्व्हिओपोरा. हे सगळं फोटोत यायला चौकट तळहाताएवढीच हवी आणि शेजारी मोजपट्टी, पण जिवंत प्रवाळाला न टेकवता.

पोलरायझर (पाण्यावरची चमक कापणारा कॅमेऱ्याचा फिल्टर) लावूनही चमक येते अशी तक्रार वारंवार असते. सरळ वरून फोटो घेतला तर तो काहीच करत नाही. पाण्याच्या पृष्ठभागाशी ३७ अंशांच्या आसपास कॅमेरा धरा, मग फिल्टर फिरवा. प्रकाश एक-दोन स्टॉप कमी होतो, शटर त्या हिशेबाने. पाणी गढूळ असेल तर मात्र फिल्टरचा उपयोग नाही, आणि या आखातात ते बहुधा गढूळच.

पक्ष्यांचं गणित उलटं. ओहोटीला क्रॅब प्लव्हर (खेकडे खाणारे किनाऱ्यावरचे पक्षी) मैलभर चिखलावर पांगतात, मोजणी नेहमी कमी भरते. त्यांना भरतीला मोजा, कोरड्या उंचवट्यावर थवा जमलेला असतो तेव्हा. जाड काळी चोच आणि काळी-पांढरी पाठ, लांबूनही चुकत नाही. पत्रकात भरतीची उंची इथेही लिहा. उंचवटा बुडाला की थवा दुसरीकडे जातो आणि तोच पक्षी दोनदा मोजला जातो.