कोंबडीचं बूड सारखं का बरबटतं? तुम्ही विचारलंत म्हणून

‘कोंबडी खाते-पिते, अधूनमधून अंडंही देते, पण मागची पिसं कायम बरबटलेली. धुतलं की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. औषध कोणतं देऊ?’

हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की सोबतचा फोटो उघडण्याआधीच डोळ्यांपुढे उभा राहतो. कुणाच्या तरी बगलेत दाबलेली, प्रचंड अपमान झालेली कोंबडी, आणि कॅमेऱ्याकडे वळवलेलं तिचं बूड. मी औषधाचं नाव सांगत नाही म्हणून काही जण रागावतात. पण बूड बरबटायची कारणं इतकी निरनिराळी आहेत की एकावरचं औषध दुसऱ्यात थेट नुकसान करतं. पोटात बुरशी माजलेली असेल आणि तुम्ही अँटिबायोटिक पाजलंत, तर बुरशीला आवर घालणारे चांगले जिवाणू मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. म्हणून मी उलट प्रश्न विचारत बसते. सकाळी तिची अन्नपिशवी, म्हणजे खाल्लेला दाणा आधी साठतो ती गळ्याखालची पिशवी, रिकामी असते का? शिटेत पाणी आहे की शीटच पातळ आहे? हातात घेतल्यावर छातीचं हाड टोचतं का? बहुतेकांनी यातलं काहीच पाहिलेलं नसतं, कारण सगळं लक्ष बुडावर.

कोंबडीला मागे एकच द्वार असतं. विष्ठा, लघवी आणि अंडं, तिन्ही तिथूनच बाहेर येतात. लघवी आपल्यासारखी पातळ नसते. युरिक आम्लाची पांढरी पेस्ट असते ती, शिटेच्या टोकावर टोपीसारखी बसलेली. अंडं देताना अंडनलिकेचा शेवटचा भाग क्षणभर बाहेर उलटतो, अंडं सोडतो आणि आत जातो, म्हणून अंडं विष्ठेला न लागता स्वच्छ पडतं. रचना सुंदर आहे, पण तिचा अर्थ असाही होतो की आतडं, मूत्रपिंड आणि अंडनलिका यांतलं काहीही बिघडलं तरी घाण एकाच जागी दिसणार. मागे काय दिसतंय यावरून आत काय चाललंय ते ओळखायचं, तर आधी निरोगी शीट कशी असते ते ठाऊक हवं.

तर शिटेकडे बघा. लोकांना किळस वाटते, पण याहून फुकट आणि खात्रीची तपासणी दुसरी नाही. संशयित कोंबडीला एक रात्र वेगळ्या पिंजऱ्यात, खाली कागद अंथरून ठेवा, म्हणजे कुणाची शीट कोणती हा घोळ राहत नाही. घट्ट, तपकिरी-हिरवट गोळा आणि वर पांढरी टोपी, ही नेहमीची शीट. साधारण आठ-दहा वेळांतून एकदा येणारी तपकिरी, चिकट आणि भयंकर वासाची शीटही नेहमीचीच. आतड्याला जोडलेल्या दोन बंद पिशव्या अधूनमधून रिकाम्या होतात, तेव्हा ती पडते. निम्मे घाबरलेले फोन या शिटेमुळे येतात. गोळा शाबूत असून भोवती पाणी पसरलं असेल तर ती हगवण नाही, पाणी जास्त पोटात गेलंय. उन्हाळ्यात कोंबडी नेहमीच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक पाणी पिते. खुडूक बसलेली कोंबडी दिवसातून एकदोनदाच उठते आणि एकदम मोठा, दुर्गंधीचा ढीग टाकते, त्यातही काळजीचं काही नाही. गडद हिरवी, पातळ शीट मात्र बहुधा पोटात अन्न नसल्याची खूण असते, नुसतं पित्त बाहेर पडत असतं. ताजं रक्त दिसलं, विशेषतः तलंगांमध्ये (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांमध्ये) किंवा पिल्लांमध्ये, तर रक्ती हगवणीचा संशय धरून त्याच दिवशी नमुना तपासायला द्या. आतड्याच्या अस्तराचा लालसर तुकडा एखाद्या वेळी पडतो, तो वेगळा. आणि एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या हिरवं हगू लागल्या, माना वाकड्या होऊ लागल्या, पटापट मरू लागल्या, तर हा लेख बाजूला ठेवा. राणीखेतसारख्या साथीत घरगुती निदानाला जागा नाही, सरळ पशुवैद्यकाला कळवा.

आता अन्नपिशवी. हा माझा हट्टाचा विषय आहे आणि याला कारण भुरी.

भुरी माझ्याकडे आली ती मोठी झालेली, दुसऱ्या घरून, बुडाची तक्रार सोबत घेऊनच. मागची पिसं पांढरट-पिवळ्या लगद्यानं चिकटलेली, खालची कातडी लाल आणि वास आंबट-कुबट, जो हाताला धुतल्यावरही रेंगाळतो. द्वाराच्या आतल्या अस्तराला सूज येऊन असा स्राव वाहू लागला की तो साध्या हगवणीपेक्षा वेगळा मामला असतो, आणि वासावरून तो ओळखू येतो. तिला आधी बरीच औषधं पाजून झाली होती. मी पहाटे खुराडं उघडताना, दाणा टाकण्यापूर्वी, तिच्या गळ्याखाली उजव्या बाजूला हात लावून पाहिला. रात्री भरलेली अन्नपिशवी सकाळपर्यंत रिकामी होऊन हाताला लागेनाशी व्हायला हवी. भुरीची भरलेली होती, मऊ, दाबल्यावर आत पाणी हलणारी. चोचीलाही तोच आंबट वास.

पशुवैद्यकांनी दोन्ही टोकांचा नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दोन्हीकडे यीस्ट, म्हणजे कँडिडा जातीची बुरशी. तिची अन्नपिशवी ताणून लोंबलेली होती आणि अन्न खाली ढकलण्याची ताकद स्नायूंमध्ये उरली नव्हती. खाल्लेलं तिथेच साचायचं, आंबायचं, बुरशी वाढायची आणि ती खाली उतरत मागच्या द्वारापर्यंत पोहोचायची. त्यात आधीच्या अँटिबायोटिकांनी भर घातली असणार. इतके दिवस सगळे तिचं बूड धूत होते आणि बिघाड होता गळ्यात.

तिला निस्टॅटिन दिलं. हे औषध आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलं जात नाही, जिथे बुरशीला प्रत्यक्ष लागतं तिथेच काम करतं, त्यामुळे मात्रा आणि किती दिवस द्यायचं हे डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे नेटानं पाळावं लागतं. बुडाचा स्राव थांबला. मग परतला, पुन्हा थांबला. लोंबलेली पिशवी पूर्ववत होत नाही, तेव्हा पुढे भुरीचं सगळं खाण्याच्या शिस्तीवर आलं. एकदम पोटभर नाही, थोडं थोडं. लांब, चिवट गवत नाही, कारण ते पिशवीत गुंता करून बसतं. पाव-भाताचे उष्टे गोळे अजिबात नाहीत. पोटात दाणा दळायला लागणारे बारीक खडे वेगळ्या भांड्यात कायम. या शिस्तीत ती बरीच वर्षं मजेत जगली, अंडी जवळजवळ नाहीत, दादागिरी भरपूर.

साचलेलं बाहेर काढायला कोंबडीला उलटं धरून पिशवी दाबायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. करू नका. तो द्रव श्वासनलिकेत गेला तर कोंबडी तुमच्या हातातच गुदमरते. दह्याचंही सांगते. चमचाभर दह्यानं काही बिघडत नाही, पण दुधातली साखर पचवणारं विकर पक्ष्यांमध्ये जवळपास नसतंच, म्हणून वाटीभर दही हगवण थांबवण्याऐवजी लावतं. व्हिनेगरबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. आधीच आंबलेल्या पिशवीत आणखी आम्ल कशाला? आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या भांड्यात तर ते कधीच घालू नका, आम्लानं जस्त विरघळतं आणि पाण्यावाटे पोटात जातं.

पुढून सगळं ठीक असेल तर रात्री टॉर्च घेऊन मागची पिसं उलटी करा. पिसांच्या मुळाशी पांढरे, खडबडीत गुठळे दिसले तर ती उवांची अंडी. कातडीवर काळपट मळ आणि त्यात हलणारे ठिपके असतील तर माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक कीटकासारखे जीव. एका जातीचे माइट कोंबडीच्या अंगावरच, त्यातही बुडाभोवती, मुक्काम ठोकतात. दुसरे लाल माइट दिवसा खुराड्याच्या फटींत लपतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. रात्री बसायच्या दांडीखालून पांढरा कागद फिरवा, लाल रेघ उठली की समजा. औषध कोंबडीला आणि खुराड्याला दोन्हीकडे लागतं आणि साधारण आठवड्या-दहा दिवसांनी पुन्हा, कारण पहिल्या खेपेला अंडी मरत नाहीत. जंतांचं मात्र डोळ्यांनी सांगता येत नाही. शिटेची तपासणी करा, उगाच दर महिन्याला जंतनाशक पाजू नका.

काही कोंबड्यांना यातलं काहीच नसतं. झुबकेदार पिसांच्या जातींचं बूड त्या पिसांमुळेच मळतं. लठ्ठ कोंबडीची चोच मागे पोहोचत नाही. म्हाताऱ्या कोंबडीला साफसफाईचा कंटाळा येतो. अशांची मागची पिसं कापून आखूड ठेवली की प्रश्न मिटतो. कापताना ज्यांच्या नळीत रक्त दिसतं अशी नवी पिसं सोडून द्या.

धुणं हा उपाय नसला तरी धुवावं लागतंच, कारण वाळलेल्या शिटेखाली कातडी सोलवटते आणि माश्या अंडी घालतात. स्वयंपाकघरातलं सिंक यासाठी वापरू नका, कोंबडीच्या शिटेत साल्मोनेला हा माणसांना आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो. कोमट पाण्याच्या टबात तिला दहा-पंधरा मिनिटं बसवा. बहुतेक कोंबड्या सुरुवातीला थयथयाट करतात आणि नंतर चक्क डोळे मिटून घेतात. गठ्ठा ओढून काढू नका, कातडी सोबत येते. मऊ झाल्यावर बोटांनी सुटेल तेवढा सोडवा, उरलेला बोथट कात्रीनं कापा. पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. मग पूर्ण कोरडी करा, अगदी पिसांच्या मुळापर्यंत. कोंबडीच्या अंगाचं तापमान एक्केचाळीस अंश सेल्सियसच्या आसपास असतं आणि ओली, आजारी कोंबडी ते फार लवकर गमावते.

काही वेळा मात्र थांबायला वेळच नसतो. ताठ उभी राहून, शेपूट पाडून कुंथते आहे आणि अंडं येत नाही: अंडं अडकलंय, तिला कोमट पाण्यात बसवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. पोट खाली लोंबतंय, हाताला पाणी लागतंय: बलक पोटाच्या पोकळीत पडून संसर्ग झालेला असू शकतो. द्वारातून गुलाबी-लाल मांस बाहेर आलंय: सगळ्यात आधी तिला इतरांपासून दूर करा, कारण लाल दिसलं की बाकीच्या टोचतात आणि आतडी बाहेर येईपर्यंत टोचत राहतात. तो भाग स्वच्छ आणि ओलसर ठेवून डॉक्टरांना गाठा. अंडी काही काळ थांबावीत म्हणून अशा कोंबडीचा उजेड दिवसाला आठ तासांपर्यंत कमी करतात. बुडात अळ्या दिसल्या तर उद्या बघू म्हणू नका. उष्ण हवेत माशीची अंडी एका दिवसात फुटतात आणि अळ्या जिवंत मांस खातात.

यावर ठरलेला पुढचा प्रश्न येतो तो अंडी खायची का. औषध चालू असताना आणि डॉक्टरांनी सांगितलेला काळ उलटेपर्यंत नाही, स्वतःही नाही आणि शेजाऱ्यांना वाटायचीही नाहीत. द्वारातून स्राव वाहत असेल तर औषध नसतानाही नाही.

आणि तिला वेगळं ठेवायचं का? हो, पण नजरेआड नको. आठवडाभर कोंबडी दिसली नाही की कळपातली तिची जागा जाते, आणि परतल्यावर बरी झालेली बिचारी मार खात बसते. जाळीच्या पलीकडे, सगळ्यांना दिसेल असा पिंजरा ठेवा. परत सोडताना दिवेलागणीला, बाकीच्या दांडीवर चढून बसल्यावर, हळूच त्यांच्यात बसवा. सकाळी थोडी खडाजंगी होईलच. त्या दिवशी दाण्याची भांडी दोन ठेवा, एकमेकांपासून लांब.