दम लागतो तिथं वाक्य तोडायचं

"तुझ्या नाटकांत मोठी माणसं का नसतात रे?" मराठीच्या बाईंनी मागे फोनवर विचारलं होतं. बाई, संमेलनात मला कायम भालदार तुम्हीच करायचात! एक ललकारी दिली की पुढचा सगळा प्रवेश भाला धरून गप्प उभं राहायचं. राजाची भाषणं मला पाठ झाली, पण भालदाराला काय वाटतं ते संहितेत कुठंच नव्हतं.

लिहायला लागलो तेव्हा ठरवलं, एका वाक्याच्या माणसाला अख्खा अंक द्यायचा. मग माझे पहारेकरी, सफाई कामगार लांबलचक स्वगतं म्हणू लागले. टाळ्याही पडायच्या. (टाळ्यांवर फार विसंबू नये.) एका तालमीत, स्वतः झाडूकाम केलेली एक नटी म्हणाली, "काम करताना एवढं बोलवत नाही हो, दम लागतो." तेव्हापासून मी आधी काम लिहितो, मग संवाद. दम लागेल तिथं वाक्य तुटतं. माणसांना भेटतो तेव्हा दुःखाबद्दल विचारत नाही. दुःख विचारलं की माणूस मुलाखत देतो. काम विचारलं की मोकळं बोलतो.

याच सुमारास जोतीराव फुल्यांचं 'तृतीय रत्न' हे नाटक पुन्हा वाचलं. 1855 मध्ये लिहिलेलं, मराठी पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीनं नाकारलेलं. जोशीबुवा एका कुणबी जोडप्याला ग्रहांची भीती घालून लुबाडतो. यात भाष्य करायला विदूषक वेगळा ठेवलाय. त्यामुळे लेखकाचं सगळं म्हणणं त्या जोडप्याच्या तोंडी कोंबावं लागत नाही. त्यांना आपल्या चालीनं उमजत जातं आणि शेवटी ती दोघं रात्रशाळेची वाट धरतात. मला हे आज लिहिल्यासारखं वाटतं.

ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल यांच्या फोरम थिएटरमध्ये तर प्रेक्षकच प्रयोग थांबवून पात्राची जागा घेतो. तितकी लेखणी सोडून देणं मला जमत नाही, खरं तर पटतही नाही. मी अर्ध्या वाटेवर थांबलोय: पहिलं वाचन ज्यांची गोष्ट आहे त्यांच्यासमोर, आणि हरकत घ्यायचा हक्क त्यांना.

नव्या नाटकाचं असं वाचन लवकरच आहे. दोन प्रवेशांवर हरकत येणार, हे आत्ताच दिसतंय. त्यातला एक मुकाट्यानं काढीन. दुसऱ्यासाठी मात्र भांडणार आहे.