लोहचुंबक जिथे सुटला

तिने सायकल आणली ती वरच्या दांड्याला आलेला पोचा दाखवायला. दोन महिन्यांपूर्वी ती उभ्या गाडीवर समोरून आदळली होती. वाकलेला चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुपाखी भाग, दुसऱ्या एका दुकानात बदलून झाला होता. आठ दिवसांनी सामान लादून लांबच्या प्रवासाला निघायचं होतं. "काका, हा खड्डा तेवढा बघा. तिथून मोडणार नाही ना?"

पोचा बघून मी निश्चिंत झालो. आदळल्यावर हँडल गर्रकन फिरतं आणि ब्रेकची मूठ दांड्यावर बसते, त्याची ती खूण. नळीच्या मधोमध, जेमतेम 2 मिलिमीटर खोल, कडा गोलसर, रंगाला कुठे तडा नाही. स्टीलच्या फ्रेमला असला पोचा वर्षानुवर्षं काही करत नाही. तरी घालवायचाच असेल तर नळीच्या मापाचं भोक असलेला, मधोमध चिरलेला ठोकळा घ्यायचा, ग्रीस लावून नळीवर आवळायचा आणि फिरवत राहायचं. पोच्याच्या कडा हळूहळू दबतात, तळ वर येतो. जुन्या पद्धतीच्या स्टील फ्रेमला वरच्या दांड्यासाठी 25.4 मिलिमीटरचा ठोकळा लागतो, खालच्यासाठी 28.6 चा. हे काम मला मनापासून आवडतं. मी म्हटलं, "होईल. परवा ये."

जाता जाता ती म्हणाली, "आणि हल्ली वळताना बूट पुढच्या चाकाला लागतो. चिमटा बदलल्यापासून."

तेव्हा मी नुसतं "बघतो" म्हटलं. संध्याकाळी ते वाक्य परत आठवलं. बूट आधी लागत नव्हता, म्हणजे चाक मागे आलंय. सायकल सपाट फरशीवर उभी करून हेडच्या नळीला, म्हणजे चिमट्याचा दांडा जिच्यात फिरतो त्या पुढच्या उभ्या नळीला, कोनमापक लावला, तर 75 अंश. प्रवासाच्या सायकलींना हा कोन साधारण 72 च्या आसपास ठेवतात. नवा चिमटा काढून तपासला, तो सरळ होता. मग मागे सरकलं होतं ते हेडच.

समोरून आदळल्यावर चिमटा मागे दाबला जातो आणि हेड तरफेसारखं फिरतं. त्याचा मार खालच्या दांड्याला बसतो, तोही हेडच्या मागे तीन-चार बोटांवर. चांगल्या नळीचा पत्रा टोकांना 0.8 मिलिमीटर आणि मध्ये फक्त 0.5 असतो. जाड भाग संपून पातळ सुरू होतो तिथे खालच्या बाजूने पत्र्याला लाट येते. मी डोळे मिटून बोट फिरवलं. बोटाला एकदम गुळगुळीत लागलं. जरा जास्तच गुळगुळीत.

खिशातला छोटा लोहचुंबक काढला आणि दांड्यावरून सरकवत नेला. खालून वर येताना तो नळीला घट्ट धरून होता. हेडच्या चार बोटं अलीकडे पकड ढिली झाली आणि तो सुटून फरशीवर पडला. ब्लेडने रंग खरवडला तर खाली लांबी निघाली, गाड्यांच्या पत्र्याचे पोचे बुजवायला भरतात ती पुट्टी. आणि लांबीखाली लाट.

चिमटा बदलणाऱ्याने ती लाट पाहिली होती. पाहिल्याशिवाय कोणी लांबी भरत नाही. जुन्याशी जुळता रंग शोधून, घासून, वर चकाकी देऊन त्याने काम केलं होतं; हात चांगला होता त्याचा. म्हणूनच मला जास्त राग आला. पुढे दोन महिने ती मुलगी उतारांवरून गेली असेल, भरवशाने.

लाट आहे म्हणजे चीर असेलच असं नाही. सगळा रंग काढला, जागा स्वच्छ केली, लाल भेदक रंग फवारला, दहा मिनिटं थांबलो, पुसला, वर पांढरा थर दिला. चीर असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. मिनिटभर काही नाही. मग लाटेच्या माथ्यावर केसासारखी लाल रेघ, आडवी. मोजली, 11 मिलिमीटर.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग तेच विचारलं जे सगळे विचारतात, "वरून वेल्डिंग मारलं तर?"

वेल्डिंग म्हणजे लोकांना मलमपट्टी वाटते. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यावर टाका घातला की शेजारचा धातू कडक आणि ठिसूळ होतो, आणि पुढची चीर तिथूनच निघते. लाट ओढून सरळ करणं तर त्याहून वाईट. तार पुढेमागे वाकवून तोडतात तसंच ते. ॲल्युमिनियमची फ्रेम असती तर मी तिथेच नाही म्हटलं असतं, कारण वेल्डिंगने जोडाजवळची ताकद जाते आणि ती परत आणायला अख्खी फ्रेम भट्टीत घालावी लागते. स्टीलला एक वाट आहे: नळीच बदलायची. हिच्या फ्रेमच्या नळ्या सांध्याच्या टोप्यांत पितळेने झाळलेल्या आहेत. सांधा 900 अंशांपर्यंत तापवून पितळ वितळवायचं, जुनी नळी काढायची, नवी बसवायची, आणि हे करताना शेजारचे जोड हलू द्यायचे नाहीत. होतं. पण तीन आठवडे लागतात.

"पण दोन महिने चालवलीच ना मी," ती म्हणाली.

याचं धड उत्तर मला देता आलं नाही. पॅडलच्या प्रत्येक फेऱ्यात दांडा ताण घेतो आणि सोडतो. मिनिटाला साठ फेरे धरले तर तासाला 3600. चीर आधी हळू वाढते, नंतर झपाट्याने, आणि ती कुठल्या टप्प्यावर आहे हे 11 मिलिमीटरवरून मी सांगू शकत नाही. कदाचित तिचा प्रवास पार पडलाही असता. मागची नळी तुटली तर माणूस थांबतो. हेडजवळची तुटली तर तोंडावर पडतो. एवढंच मी बोललो. ती म्हणाली, "मग काल 'होईल' का म्हणालात?"

ती मैत्रिणीची सायकल घेऊन गेली. फ्रेम माझ्याकडे टांगलेली आहे. खालच्या दांड्यासाठी नळी आली आहे. पण काल सांधा साफ करताना वरच्या दांड्याच्या खालच्या अंगाला, हेडला लागूनच, रंगात एक बारीक आडवी रेघ दिसली. लोहचुंबक तिथे घट्ट बसतो, म्हणजे लांबी नाही. रंगच तडकलेला असू शकतो. पत्र्यालाही चीर असेल तर दोन नळ्या बदलायच्या, आणि हेडचे दोन्ही सांधे एकदम सोडवायचे. मग तिची फ्रेम म्हणून त्यात उरतं ते मागचंच.

तिचा रोज संदेश येतो, फोटोसह. आज विचारलंय, "काका, नळी आली का?" अजून उत्तर दिलेलं नाही. उद्या सकाळी उजेडात तिथला रंग काढतो.