पिसवा खऱ्या असतात का?

पिसवांची सर्कस पाहिली की लोक हे विचारतातच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: आमच्या सर्कशीत एकही पिसू नसते, ती आहे असं नुसतं भासवायचं. पूर्वीच्या सर्कशींत असायची. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १८३० च्या दशकात लुई बर्टोलोटो खऱ्या पिसवांचे खेळ दाखवायचा. असल्या खेळांत पिसूच्या मानेभोवती बारीक तार अडकवत. शिकवणं वगैरे काही नव्हतं. सुटायची धडपड, तीच कसरत.

आमचा सगळा पसारा एका सुटकेसमध्ये मावतो. ३ मिमी प्लायचा फळा, त्याखाली दोरे नि चुंबक. पिसू ओढते असं दाखवायच्या रथाच्या तळाला लोखंडाचा कण आणि फळ्याखाली काडीवर बसवलेलं ५ मिमीचं निओडिमियम (लहान पण जोरकस) चुंबक. मोठं चुंबक घेऊ नका. रथ फळ्याला चिकटतो, चाकं न फिरता नुसता घसरतो, नि सोंग उघडं पडतं. स्क्रू पितळीच हवेत, लोखंडी स्क्रूपाशी चुंबक अडतं.

खरी परीक्षा उंच उडीची: पिसू वरच्या पट्टीवरून खाली रव्यात उडी मारते, असं भासवायचं. वर पातळ पितळी पट्टी, दोऱ्याने वाकवून सोडायची. खाली बाटलीचं झाकण, तळ कापून तिथे फुग्याचं रबर ताणलेलं, वर अर्धा सेंटिमीटर रवा. खालून तारेने टिचकी मारली की रवा उडतो. रवा जास्त भरला तर टिचकी त्यातच जिरते. पावसाळ्यात तो दमट होऊन गोळे धरतो, तेव्हा चाळलेली कोरडी वाळू घ्यावी.

३० सेंमीवरून वस्तू पाव सेकंदात पडते, पण तेवढ्यात पाहणाऱ्याची नजर खाली पोचत नाही. म्हणून पिसू आधी वर उडाली असं धरायचं आणि पाऊण सेकंद थांबून टिचकी मारायची. मधल्या वेळात खेळ करणाऱ्याची मान वर जाऊन खाली आली पाहिजे. त्याने दोऱ्याच्या हाताकडे पाहिलं, की सगळे तिकडेच बघतात.

राहिला इतिहास. तोही घरीच बनतो, पण नुसत्या थापा टिकत नाहीत. एक खुंटी खरी लागते. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० च्या सुमारास ग्रेट इंडियन सर्कस उभी केली, हे खरं. आमच्या पिसूची पणजी त्यांच्या हत्तीच्या कानात बसून गावोगाव हिंडली, ही थाप. जुनाट दिसावी म्हणून जाहिरात चहाच्या पाण्यात बुडवतो. शाई पाण्याने पसरणारी नको, इतकंच.

खेळ संपला की पिसवा मोठ्याने मोजत डबीत भरायच्या. एक कमी भरली की पहिली रांग आपोआप खाजवू लागते.